बेंबीभोवती दोन इंच

इन्सुलिनच्या पेनाबरोबर खोक्यात एक कागद येतो. उलगडायला सोपा, घडी घालायला अशक्य. एकदा उघडला की अर्धं डायनिंग टेबल व्यापतो, आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं इतकी बारीक असतात की ज्याला ती दिसतात त्याला बहुधा इन्सुलिन लागत नाही, आणि ज्याला लागतं त्याला ती दिसत नाहीत. मग घरातलं कुणीतरी तो कागद फ्रिजमधल्या भाजीच्या ट्रेमध्ये अंथरतं आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवतं. इन्सुलिनची सगळी माहिती कोथिंबिरीला होते. घरातल्यांना होत नाही.

आमच्या घरात मात्र तो कागद वाचला गेला, आणि त्याचं श्रेय नानाकाकांना. नाना भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. लोक त्याला मोजणी खातं म्हणतात. जमिनीवर काय दिसतंय त्यापेक्षा कागदावर काय लिहिलंय ते खरं, यावर त्यांची पस्तीस वर्षं नोकरी झाली. त्यांनी भिंग घेतलं, लाल पेन्सिल घेतली आणि दोन दुपारी खर्चून दोन्ही बाजू वाचल्या. वाचून झाल्यावर चष्मा काढत म्हणाले, "या कागदाचं आणि आपल्या घराचं जमायचं नाही."

त्यांचं खरं होतं. काटकसर, पाहुणचार, उसनं देणं-घेणं आणि जेवणाच्या वेळेबाबतची ढिलाई यांवर आपले संसार उभे आहेत, आणि या पेनाला त्यातलं काहीही चालत नाही.

नानांना इन्सुलिन सुरू झाल्याची बातमी बागेतल्या कट्ट्यावर नानांच्या आधी पोहोचली. या कट्ट्यावर शुगर नसलेला एकच गृहस्थ आहे, आणि तोही केवळ तपासत नाही म्हणून. बाकीचे एकमेकांच्या फास्टिंग-पीपीचे आकडे पाठ म्हणू शकतात. नाना जाऊन बसताच सांत्वन सुरू झालं. "शेवटची पायरी हो," एकजण म्हणाले. "एकदा सवय लागली की सुटत नाही," दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी कारल्याचा रस सुचवला, चौथ्यांनी जांभळाच्या बियांची पूड, पाचव्यांनी आपल्या गॅलरीतली गुळवेल. सुचवणाऱ्या तिघांचीही शुगर त्या आठवड्यात अडीचशेच्या वर होती, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

नाना म्हणाले, "सवय म्हणाल तर ती आईच्या पोटात असतानाच लागलीय. स्वादुपिंड तेव्हापासून इन्सुलिन तयार करतं. तुमचंही करतं, माझंही करायचं. आता माझ्याच्यानं पुरेसं होत नाही, म्हणून बाहेरून घ्यायचं." कट्ट्यावर जरा वेळ शांतता पसरली. मग विषय पाण्याच्या टँकरवर गेला.

खरं तर नानांना कौतुक वाटायला हवं होतं अशा काळात त्यांना इन्सुलिन लागलं. 1921 साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते कुत्र्यांवर प्रयोग करून शोधलं. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी मधुमेह झालेल्या मुलांना उपाशी ठेवण्याखेरीज डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. पेटंटचे हक्क संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. हे ऐकल्यावर माईकाकू म्हणाल्या, "मग मेडिकलवाला एवढं बिल कसलं लावतो?" या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांत बऱ्याच शहाण्या माणसांनी शोधलंय, आणि बिल काही कमी झालेलं नाही.

पुढची कित्येक वर्षं इन्सुलिन घेणं म्हणजे काचेची सिरिंज उकळणं, आणि बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा टोकदार करणं. 1985 साली डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं नोवोपेन बाजारात आणलं, आणि हे सगळं सामान शर्टाच्या खिशात मावायला लागलं. डोस लावायला चाकी, ती फिरवताना टकटक आवाज, खिडकीत आकडा. हे यंत्र इतकं शहाणं आहे की त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. बिघडवायला माणूस लागतो.

सुईपासूनच सुरुवात करू. पेनाची सुई आता चार मिलिमीटरची मिळते. नाना ती बघून हसले. "माझ्या पोटाला चार मिलिमीटर? रस्त्यातच अडकेल." पण कातडीची जाडी पोटाच्या घेरावर ठरत नाही. ती बारीक माणसाची आणि ढेरपोट्याची साधारण सारखीच, दोन-अडीच मिलिमीटर. सुईला तेवढी ओलांडून खालच्या चरबीत पोहोचायचं असतं, आणि चरबीच्या बाबतीत आमच्या घराण्यात टंचाई कधीच नव्हती. सरळ धरायची, सरळ टोचायची. मोठी सुई उलट स्नायूत जाऊ शकते, तिथून इन्सुलिन घाईघाईनं रक्तात उतरतं आणि शुगर धाडकन खाली येते.

या सुईवर दोन टोप्या असतात, एक बाहेरची मोठी आणि आत एक चिमुकली. बाहेरची काढली की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. आतली तशीच ठेवून पेन पोटाला लावणारे लोक आहेत. टोचल्याचं जाणवत नाही, बटण दाबलं जातं, इन्सुलिन टोपीत. अमेरिकेत 2017 साली औषधसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी याच चुकीबद्दल देशभर इशारा दिला होता. हॉस्पिटलात ज्यांना आपोआप झाकली जाणारी सुई दाखवली होती, ते घरी साधी सुई घेऊन गेले आणि आतली टोपी काढायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेव्हा "आज अजिबात दुखलं नाही हं" असं कुणी आनंदानं म्हणालं, तर आधी टेबलावर टोप्या मोजाव्यात.

आता काटकसर. सुई एकदाच वापरायची असं पाकिटावर लिहिलेलं असतं. माईंनी ते वाचलं आणि त्यांचा विश्वास बसला नाही. ज्या घरात दुधाची पिशवी धुऊन वाळत घालतात, गिफ्टचा कागद इस्त्री करून कपाटात ठेवतात, तिथं सकाळी आणलेली सुई सकाळीच टाकायची? ती तर अजून नवीच दिसते. माईंनी कालनिर्णयवर सुईच्या नावानं फुल्या मारायला सुरुवात केली. सोमवारी रुजू, शनिवारी निवृत्त. एकीला तर मुदतवाढही मिळाली.

आणि मग नाना इंजेक्शनच्या वेळी "आई गं" म्हणायला लागले. सुईच्या टोकाला गुळगुळीतपणासाठी एक लेप असतो, तो पहिल्याच वेळी निघून जातो. टोक इतकं नाजूक असतं की ते वाकतं, खरखरीत होतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नसलं तरी. शिवाय सुई पेनाला लावूनच ठेवली तर तिच्यातून हवा आत येते आणि इन्सुलिन बाहेर झिरपतं. नानांचं पेन एकदा सकाळी ओलं सापडलं, तेव्हा माईंनी टाकीवाल्या प्लंबरला बोलवायचं का विचारलं. इन्सुलिन आत सुकून सुई तुंबते ते वेगळंच. सुईची किंमत साधारण एका चहाची. हा हिशेब माईंना पटला तो वेगळ्या रस्त्यानं. "तुमचा बाहेरचा एक चहा बंद," त्या म्हणाल्या, आणि सुईसाठी तरतूद झाली.

त्यानंतर दोन युनिटांचं प्रकरण आलं. डोस घेण्याआधी प्रत्येक वेळी चाकीवर दोन युनिटं लावायची, पेन उभं धरायचं, बोटानं टिचकी मारायची आणि ती दोन युनिटं हवेत सोडायची. टोकावर थेंब दिसला म्हणजे सुई मोकळी आहे आणि आतली हवा गेली. दिसला नाही तर पुन्हा. हिंदी सिनेमात व्हिलन हवेचं इंजेक्शन देतो तशी यातल्या बुडबुड्यानं माणसं मरत नाहीत, कारण हे शिरेत द्यायचंच नसतं. पण बुडबुडा जागा अडवतो, आणि तेवढं औषध कमी जातं. बारा युनिटं लावून नऊच गेली तर खिडकीतला आकडा काही तसं कबूल करत नाही.

माईंनी पाटीवर हिशेब मांडला. दिवसातून दोनदा दोन, म्हणजे चार. महिन्याचे एकशेवीस. पेनात तीनशे. म्हणजे अडीच महिन्यांत एक अख्खं पेन हवेत! तीन दिवस त्या हळहळल्या. चौथ्या दिवशी नानांनी पेन गॅलरीत नेऊन तुळशीच्या कुंडीवर सोडलं. "वाया कुठं जातंय?" माई म्हणाल्या, "तिला कशाला? तिची शुगर बरी आहे."

बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच काढायची नाही, दहापर्यंत मोजायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यानं दादरला पावणेनऊची फास्ट पकडण्यात तारुण्य घालवलं त्याचे दहा आकडे तीन सेकंदांत संपतात. नाना "एकदोनतीनचार" म्हणतानाच सुई बाहेर काढायचे, आणि टोकावर एक टपोरा थेंब लोंबत असायचा. तो थेंब डोसातलाच. अखेर माईंनी नियम केला: बेचा पाढा, मोठ्यानं, बे दाहे वीसपर्यंत. आता दोन्ही जेवणांआधी आमच्या घरातून पाढ्याचा आवाज येतो. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला वाटतं की नाना नापास झालेत.

नानांचं इन्सुलिन मिश्र जातीचं, म्हणजे तीस-सत्तर. ते पांढुरकं असतं आणि ठेवून दिलं की खाली साका बसतो. घेण्याआधी पेन दोन तळहातांत दहा वेळा घोळवायचं आणि दहा वेळा खाली-वर करायचं. आत एक छोटी काचेची गोळी असते, ती ढवळते. खोकल्याच्या बाटलीसारखं हलवायचं मात्र नाही. सगळं एकसारखं दुधट झालं पाहिजे. काही लोकांचं इन्सुलिन पाण्यासारखं नितळ असतं, त्याला घोळवण्याची गरज नसते, आणि ते गढूळ दिसलं तर घ्यायचंच नसतं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो जागेवरून.

नाना पहिलं वर्षभर बेंबीच्या डावीकडे एकाच जागी टोचत होते. त्याला कारणं होती. टीव्हीकडे बघत बघत हात आपोआप तिथं जायचा, आणि मुख्य म्हणजे तिथं दुखत नसे. दुखत नाही ही जागा चांगली, असं कुणालाही वाटेल. पण वर्षाच्या शेवटी शुगरनं ताळतंत्र सोडलं. एक दिवस एकशेवीस, दुसऱ्या दिवशी तीनशे. डोस वाढला. तरी तेच. नानांचा संशय स्वयंपाकघरावर. आधी भात बंद झाला, मग बटाटा, मग गाजरावर चौकशी बसली. पुढं पुढं तर त्यांनी "आमटीत गूळ किती?" म्हणून माईंना लेखी विचारलं. माईंनीही लेखी उत्तर दिलं, आणि दोन दिवस आमटीच केली नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरनं नानांना पलंगावर आडवं केलं आणि पोटावरून सपाट हात फिरवला. बेंबीच्या डावीकडे तिचा हात थांबला. "काका, इथंच घेता ना रोज?" तिनं नानांचं बोट धरून तिथं ठेवलं. कातडीखाली लिंबाएवढा मऊ, रबरी उंचवटा होता. एकाच जागी रोज टोचत राहिलं की तिथली चरबी फुगते. तिथं दुखत नाही हे खरं, पण तिथं सोडलेलं इन्सुलिन कधी अर्धवट शोषलं जातं, कधी उशिरा, कधी एकदम. म्हणून शुगर नाचत होती. आमटी निर्दोष सुटली.

नाना उत्साहानं म्हणाले, "मग उद्यापासून उजवीकडे." सिस्टर म्हणाली, "थांबा. आधी डॉक्टर डोस कमी करतील." कारण इतके दिवस वाढवलेला डोस गाठीत मुरत होता. तोच डोस कोऱ्या जागी दिला तर सगळाच्या सगळा लागू पडतो आणि शुगर तळाला जाते. जागा बदलणं चांगलं म्हणून आपल्या मनानं बदलून मोकळं झालेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे.

घरी आल्यावर नानांनी आलेखाचा कागद काढला. सेवानिवृत्तीनंतर त्यांना असा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी पोटाची रीतसर मोजणी केली. चतुःसीमा: उत्तरेस बरगड्या, दक्षिणेस लेंग्याची नाडी, पूर्व-पश्चिमेस कमरेच्या वळ्या. मध्यभागी बेंबी, तिच्या सभोवती दोन इंच ना-विकास क्षेत्र. उरलेल्या जमिनीचे चार गट पाडले. एका आठवड्याला एक गट, गटाच्या आत रोजची जागा आदल्या जागेपासून एक बोट सोडून. जुनी गाठ लाल रेघांनी भरून "वादग्रस्त, वापरास मनाई" असा शेरा मारला. मांड्यांचा पुढचा-बाहेरचा भाग आणि कुल्ले राखीव क्षेत्रात दाखवले. नकाशा फ्रिजवर चुंबकानं लावला. माई म्हणाल्या, "आपल्या घराचा नकाशा मंजूर व्हायला बारा वर्षं लागली. पोटाचा एका दुपारीत झाला."

फ्रिजवर नकाशा, आणि फ्रिजच्या आत इन्सुलिन. मराठी घरातल्या फ्रिजच्या दारात सगळं असतं: विरजणाची वाटी, मेंदीचे कोन, कुणाच्या तरी बारशाचे पेढे, आणि श्रीखंडाचा डबा, ज्यात श्रीखंड सोडून काहीही असू शकतं. आमच्याकडे त्यात इन्सुलिन असतं. न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत ठेवायची. दारात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा एका पाहुण्या मुलानं श्रीखंड गार व्हावं म्हणून तो डबा फ्रीझरमध्ये सरकवला. पेनं गोठली. नंतर वितळल्यावर ती अगदी पहिल्यासारखी दिसत होती, आणि माईंचा जीव तुटत होता. पण गोठलेलं इन्सुलिन गेलं ते गेलं. दिसण्यावरून ते कळत नाही.

वापरात असलेलं पेन मात्र बाहेरच राहतं, तीस अंशांच्या आत, उन्हापासून लांब, आणि साधारण चार आठवडे. नक्की किती दिवस हे त्या टेबलव्यापी कागदावर असतं, कारण प्रत्येक इन्सुलिनचं वेगळं. पेन उघडल्याची तारीख त्यावर लिहावी. पुण्या-मुंबईला हे बहुतेक वेळ जमतं, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तीस अंश फक्त रात्रीच्या आठवणीत असतात. तिथं फ्रिज नसेल किंवा वीज गेलेली असेल तर जुना माठ कामाला येतो. पेन बंद डबीत, डबी माठात किंवा ओल्या वाळूवर, पाणी आत जाणार नाही अशी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेनाला कुठलाच माठ वाचवू शकत नाही. विमानात सामानाबरोबर न देता ते हातातल्या पिशवीत घ्यावं.

गावाकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. नाना जत्रेला गावी गेले आणि पेनाचं बटण अडकलं. पुतण्या तत्पर. तो मेडिकलमधून लाल टोपीची सिरिंज घेऊन आला. "नाना, पेनाच्या काचेतून ओढून घेऊ, त्यात काय!" नाना सिरिंज भिंगाखाली धरून बघत बसले. लाल टोपी म्हणजे चाळीसची सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक चाळीसचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरला चाळीस युनिटं, आणि ही सिरिंज त्यासाठीच. पेनातलं असतं शंभरचं. या सिरिंजनं पेनातलं औषध दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पोटात जातात पंचवीस युनिटं. अडीचपट. नाना ओरडले, "अरे, एकराच्या मापानं हेक्टर घालतोयस!" पुतण्याला आयुष्यात पहिल्यांदा एकर-हेक्टर समजलं. पेनातलं इन्सुलिन सिरिंजनं ओढू नये. पेन बंद पडलं तर मेडिकलमधून नवं पेन आणावं, आणि शक्यतो एक जास्तीचं बरोबरच ठेवावं.

राहिलं ते लग्न.

भाचीच्या लग्नाला आम्ही सगळे कार्यालयात होतो. ठाण्याच्या आत्याही इन्सुलिनवाल्या. त्यांच्याकडे दोन पेनं असतात, एक रात्रीचं लांब पल्ल्याचं, एक जेवणाआधीचं झटपट. त्यांनी रात्रीच्या पेनाला रबरबँड गुंडाळलाय. वीज गेली तरी बोटांना कळावं कोणतं हातात आहे ते. रात्रीचे वीस-बावीस युनिटांचे डोस चुकून झटपटच्या पेनानं गेले तर रात्र हॉस्पिटलात जाते. आत्यांची ही शिस्त. पण नानांचं पेन दुसऱ्या गाडीतून येतंय हे कळताच त्यांच्यातली बहीण जागी झाली. "अहो दादा, माझं घ्या ना. सुई नवी लावून देते."

बँकेतलं दोन रुपयांचं पेन कुणी नेऊ नये म्हणून दोरीनं टेबलाला बांधतात. खरं तर बांधायला हवं ते हे पेन. सुई नवी लावली तरी टोचताना रक्ताचा अंश मागं कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतो, डोळ्यांना न दिसेल इतका. पुढच्याला त्यातून कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, काहीही मिळू शकतं. अमेरिकेच्या एफडीएनं 2015 साली अशा पेनांवर "एकाच रुग्णासाठी" असं छापणं सक्तीचं केलं, कारण हॉस्पिटलांतसुद्धा सुया बदलून एकच पेन फिरवल्याचे प्रकार झाले होते. नवरा-बायको, भाऊ-बहीण, कुणीही अपवाद नाही. शिवाय आत्यांचं इन्सुलिन वेगळं, नानांचं वेगळं. नाना म्हणाले, "ताई, जेवण एका पानात करू, पेन आपापलं." आत्या जरा रुसल्या.

नानांचं पेन आलं. त्यांचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. मुहूर्त बारा सदतीस, पंगत एक वाजता, असं पत्रिकेत स्पष्ट छापलेलं. नाना कागदाला मानणारे. साडेबाराला त्यांनी बेचा पाढा म्हणून डोस घेतला.

पत्रिकेवर विश्वास ठेवणारा माणूस मोजणी खात्यात चालतो, लग्नात चालत नाही. आधी वरपक्षाच्या तीन मावश्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली. त्यांना उत्तर म्हणून आमच्याकडच्या दोघींनी म्हटली. मग फोटोवाल्यानं नवरा-नवरीला पुन्हा एकमेकांकडे बघायला लावलं. दीड वाजला. नाना खुर्चीत बसून कपाळ पुसत होते. हात थरथरत होते, डोळे पाणावलेले, शब्द अडखळत. शेजारच्या बाई हळव्या होऊन म्हणाल्या, "मामांचा फार जीव हो भाचीवर."

माईंनी लांबून पाहिलं आणि त्या अक्षता टाकून धावल्या. बरोबरच्या पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. साठ. सत्तरच्या खाली गेली की ती कमी. माई ओरडल्या, "साखर आणा!" आणि इथं आपल्या समाजातलं ज्ञान आडवं आलं. तिघांनी त्यांचा हात धरला. "अहो काय करताय, शुगर आहे त्यांना!" एकानं कारल्याची भाजी वाढायला सांगितली. दुसऱ्यानं प्रेमानं पेढा पुढं केला. पण पेढ्यात, चॉकलेटात, बर्फीत तूप-दूध असतं, त्यानं साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. माईंनी सगळ्यांना बाजूला सारून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवली आणि नानांना पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. नव्वद. मग त्यांना व्यवस्थित जेवायला बसवलं. नाना बेशुद्ध झाले असते तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नव्हता, सरळ 108 ला फोन करायचा होता. माईंना तेही माहीत होतं. दोन दुपारी भिंगानं कागद वाचला नानांनी, पण पाठ केला होता माईंनी.

तेव्हापासून लग्नात आमच्याकडे नियम आहे. पत्रिका पाहायची नाही, घड्याळ पाहायचं नाही. पाहायचा तो वाढपी. आपल्या बाजूच्या पंगतीत पानं मांडली, मीठ-लिंबू-चटणी वाढली, की त्यानंतर इन्सुलिनचा विचार. अर्ध्या तासाचं गणित पंगतीत बसत नसेल तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत उपास आणि डोस मात्र नेहमीचा, हेही त्यांना न विचारता करायचं नाही.

सुयांचं शेवटी काय करायचं? नाना पूर्वी त्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत टाकायचे. आमच्या सोसायटीचा कचरा एक मावशी हातानं वेगळा करतात. त्यांच्या बोटाला सुई लागली त्या दिवशी माईंनी नानांशी जे बोलणं केलं ते इथं छापता येणार नाही. आता जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी आहे. मोठी टोपी टेबलावर ठेवून एका हातानं तिच्यात सुई खुपसायची, मग फिरवून काढायची आणि बरणीत टाकायची. बरणीवर नानांच्या अक्षरात "वापरलेल्या सुया" लिहिलंय. तीन-चतुर्थांश भरली की ती चिकटपट्टी लावून लॅबमध्ये किंवा दवाखान्यात द्यायची. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, रंगाच्या डब्यांच्या आणि जुन्या बॅटऱ्यांच्या पंगतीला. माईंना एकच दुःख आहे: बरणी चांगली होती.

तुमच्या घरी कुणी पेन वापरत असेल तर एक करा. पुढच्या तपासणीला रिपोर्टांची फाइल नेताच, त्याबरोबर पेन आणि एक कोरी सुईही न्या. डोसाची वेळ असेल तर सिस्टरसमोर अगदी पहिल्यापासून घेऊन दाखवा: सुई लावणं, दोन्ही टोप्या, दोन युनिटं, दहापर्यंत मोजणं, सगळं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही काहीतरी राहून जातं, आणि ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. मग पोटावरून हात फिरवायला सांगा. आणि जाताना लेंग्याची नाडी जरा सैलच बांधा.